माणसं थांबतात कुठे

आर्किटेक्चरच्या स्टुडिओत पहिल्या वर्षापासून हाताला लागतो तो बाण. बबल डायग्राम काढायचा, एन्ट्रन्सचा गोल, लॉबीचा गोल, टॉयलेटचा छोटा गोल, आणि मग लाल स्केचपेनने बाण, पब्लिक कुठून येणार, स्टाफ कुठून येणार, सामानाची गाडी कुठून आत घेणार. जुरीला, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडताना, पहिला प्रश्न येतो तो सर्क्युलेशनचाच, कोण कुठून ये-जा करणार याचा. आणि ते चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरचा रस्ता आणि भेटायला आलेल्या लोकांचा रस्ता एकमेकांत अडकला की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण इतकी वर्षं बाण काढल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झालीये आणि ती आज सविस्तर लिहायची आहे. माणसं इमारतीत चालतात थोडी आणि थांबतात जास्त. वाट बघतात, टेकतात, बोलत उभी राहतात, चप्पल काढतात, पाऊस ओसरायची वाट बघतात, बाळाला पाजतात, फोन आला म्हणून बाजूला होतात. या थांबण्यासाठी प्लॅनमध्ये खूण नाही आणि एरिया स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कुठल्या जागेला किती क्षेत्रफळ त्या तक्त्यात, रकाना नाही.

हे मला लेक्चरमध्ये नाही, मोजमाप घेताना कळलं. म्हणून डिझाइनच्या प्रोजेक्टांइतकंच, खरं तर थोडं जास्तच, मला आमच्या मेझर्ड ड्रॉइंगबद्दल, म्हणजे उभी इमारत मोजून तिचं ड्रॉइंग काढण्याबद्दल, आणि बिल्डिंग स्टडीबद्दल प्रेम आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्ही वाईला गेलो होतो. प्रत्येक ग्रुपला एकेक इमारत, आमच्या वाट्याला घाटापासून जवळच्या एका गल्लीतला दोन चौकी वाडा आला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, जुनं घर मोजायला घेतलं की पहिल्या तासाभरातच कळतं की इथे काटकोन नाही. त्यामुळे नुसती लांबी रुंदी घेऊन भागत नाही, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावे लागतात, नाहीतर परत येऊन ड्रॉइंगला बसलं की शेवटची भिंत पहिल्या भिंतीला येऊन मिळतच नाही. एकीने टेपचं टोक धरायचं, दुसरीने आकडा वाचायचा, तिसरीने लिहायचा आणि लिहिताना तो परत मोठ्याने म्हणायचा. उंचीसाठी पाण्याची नळी, भिंतीचा कल बघायला ओळंबा. लेझर होता आमच्याकडे, पण चौकात ऊन आलं की त्याचा ठिपका दिसत नाही, मग परत टेपच.

आणि वाडा मीटरमध्ये मोजला तरी कळतो तो खणातच. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच सहा फूट, लाकडाची तुळई जेवढं अंतर आरामात पेलेल तेवढं. सोपा पाच खणी, माजघर तीन खणी, जिना अर्ध्या खणात बसवलेला, असं सगळं घर त्या एका मापावर उभं. एकदा ते ध्यानात आलं की न मोजलेल्या खोलीचाही अंदाज येतो आणि पुढचं काम झपाझप होतं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर भाजलेल्या विटा, आत सागवानी सांगाडा, प्रत्येक खांब तळखड्यावर, त्याच्या बुडाच्या दगडावर, ठेवलेला म्हणजे जमिनीतली ओल लाकडात चढत नाही, वर कडीपाट, लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. भिंती एवढ्या जाड की देवळ्या, कोनाडे, फडताळं तर सोडाच, एक अख्खा जिना भिंतीच्या पोटात होता. दिवसाही तिथे हात पुढे करूनच चढावं लागायचं.

वाड्यात फक्त एक आजी राहात होत्या, बाकी कुटुंब पुण्या मुंबईला. पहिल्या दिवशी मी लिहायचं पॅड घेऊन चौकाच्या ओसरीवर काठाला बसले, तर त्या आतून म्हणाल्या, “तिथं नको गं, वळचणीला येतीस तू. सर जरा मागं, खांबाला टेकून बस.” तेव्हा पाऊस नव्हता. जूनचे दिवस, आभाळ भरलेलं होतं एवढंच. दुपारी सर आली तेव्हा कौलांवरच्या पागोळ्या चौकाच्या फरशीवर एका सरळ रेषेत पडायला लागल्या, त्या रेषेवर दगड झिजून पन्हळीसारखी खोलगट रेघ पडली होती, आणि तिथून उडणारे शिंतोडे ओसरीवर हातभर आत येत होते. मी सकाळी बसले होते तिथपर्यंत बरोबर. आम्ही ती ओली कड खडूने आखून घेतली आणि मोजली. ड्रॉइंगवर ती तुटक रेघेत आहे, आमच्या सगळ्या शीटमधली माझी सर्वात आवडती रेघ.

मग आजी कुठे बसतात ते बघायला लागलो. त्यांची जागा ठरलेली होती, दुसऱ्या खांबाला पाठ लावून, एक पाय खाली पायरीवर. तिथला दगड बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत होता, म्हणजे त्यांच्या आधीही कुणीतरी तिथेच बसत असणार. त्या जागेवरून आम्ही प्लॅनवर नजरेच्या रेषा काढल्या. दिंडी दरवाजा दिसतो, देवघराची समई दिसते, स्वयंपाकघराचं दार दिसतं, वर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी दिसते. आणि खरी गंमत सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, होती. ओसरीवर उभं राहिलं तर दिंडीच्या ठेंगण्या चौकटीने रस्ता कापला जातो, समोरचं काहीच दिसत नाही. मांडी घालून बसलं की डोळा खाली येतो आणि त्याच दारातून थेट समोरच्या घराची पायरी दिसते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मात्र आत कोण बसलंय ते सहजी दिसत नाही, कारण आत सावली आणि बाहेर लख्ख उजेड. म्हणजे घरातल्या बाईला गल्ली दिसते आणि गल्लीला घर दिसत नाही, आणि हे सगळं फक्त चौकटीची उंची, जोत्याची उंची आणि बसलेल्या माणसाचा डोळा या तीन मापांवर. ज्या कुणी गवंड्या सुताराने हे केलं त्याच्या डोक्यात बसलेला माणूस होता. आमच्या स्टुडिओतल्या सेक्शनमध्ये माणसं नेहमी उभी असतात, हातात बॅग, बरोबर लहान मूल, मुलाच्या हातात फुगा, आणि सगळी कुठेतरी निघालेली. वाईहून आल्यावर मी सेक्शनमध्ये बसलेली माणसं काढायला लागले. ऐकायला साधं वाटेल, पण त्यामुळे खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, कुठे घ्यायची, रेलिंग भरीव की गजांचं, सगळे निर्णय बदलतात.

संध्याकाळी आम्ही घाटावर जायचो. ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांनी समोरून पाहिलेलं असतं, पण ते मागून बघा. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर आहे आणि त्याची मागची भिंत सपाट नाहीये, माशासारखी निमुळती होत टोकाला गेलेली आहे, म्हणजे पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. प्लॅनमध्ये वक्र रेषा का काढली असं जुरीला विचारलं की आम्ही फ्लो, ऑर्गॅनिक फॉर्म वगैरे बोलत असतो, इथे वक्राला नदीने दिलेलं कारण आहे. आणि त्याच्याच शेजारी घाटाच्या पायऱ्या, जिथे अख्खं गाव येऊन बसतं.

तिसऱ्या वर्षापासून केस स्टडी, म्हणजे बांधून झालेल्या इमारतींचा अभ्यास, सुरू होतात आणि त्यात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया येतातच, महाराष्ट्रात शिकत असाल तर जास्तच. अहमदाबादच्या स्टडी टूरला साबरमती आश्रमातलं त्यांचं गांधी स्मारक संग्रहालय पाहिलं. १९६३ चं काम, तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. सहा मीटर बाय सहा मीटरचं एक युनिट, विटांचे जाड खांब, वर कौलारू छप्पर, आणि तेच युनिट परत परत, काही ठिकाणी भिंतींनी बंद केलेलं, काही ठिकाणी मोकळं सोडलेलं, मध्ये पाण्याचा चौक. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. वाईचा खण मोजून झाल्यावर हे बघताना मला ओळखीच्या घरात आल्यासारखं झालं. लोक फोटो आणि पत्रं बघत चालतात आणि मोकळ्या युनिटात आले की हमखास वेग कमी होतो, कुणी खांबाला टेकतं, कुणी काठावर बसतं. तिथे ‘बसा’ असं कुणी लिहिलेलं नाही.

कोरियांच्याच मुंबईतल्या कांचनजंगा टॉवरचा अभ्यास वेगळा झाला, कारण तिथे आत जाता येत नाही, लोकांची राहती घरं आहेत ती. कंबाला हिलवरचा हा टॉवर १९८३ ला पूर्ण झाला, २८ मजले, ८४ मीटर उंची, २१ मीटरचा चौरस प्लॅन आणि त्यात ३२ फ्लॅट. रस्त्यावरून मान वर करून बघितला आणि बाकी सगळं ड्रॉइंगवरून. मुंबईचा जो पेच आहे तो असा, समुद्राचा वारा येतो पश्चिमेकडून, व्ह्यू पश्चिमेला, आणि दुपारचं तापलेलं ऊन आणि पावसाचा मारा पण पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घेतला. कोरियांनी तो व्हरांडा उचलून प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची टेरेस केली. मी हा सेक्शन हाताने ट्रेस केला आणि मग माउंट बोर्डात त्याचं कापून मॉडेल केलं, तेव्हा कुठे ते फ्लॅट एकमेकांत अर्ध्या अर्ध्या मजल्याने कसे अडकवलेत ते बोटांना समजलं. थ्रीडी मॉडेल फिरवून बघण्यात ती मजा नाही, पटणार नाही पण करून बघा.

इथे उन्हाचं गणित थोडं सांगते कारण पुढे लागणार आहे. पुणं साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, २१ जूनला जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेकडे कललेला, ८५ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेचं ऊन बऱ्यापैकी छज्ज्याने सांभाळता येतं. पश्चिमेचं येत नाही. संध्याकाळी चार पाचला सूर्य एवढा खाली असतो की छज्जा कितीही बाहेर काढा, ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं. त्याला आडवं नाही, उभं काहीतरी लागतं, झाड, पडदी, जाळी.

बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज आम्ही ट्रेनने जाऊन दिवसभर पाहिलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी कोरियांनी केलेलं, १९८३ ते ८६ मधलं काम, सहा हेक्टरच्या जागेत साधारण ५५० कुटुंबं. सात घरं एका चौकाभोवती, चौक फक्त आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन चौक मिळून २१ घरांचा एक गट, त्याला बारा बाय बाराची मोकळी जागा. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, शेजाऱ्याशी कॉमन भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं. आणि लोकांनी वाढवलं. मूळ कौलारू बैठी घरं आता शोधावी लागतात, बऱ्याच ठिकाणी पाडून दोन तीन मजले, ग्रिल, टाइल्स, स्टीलचे गेट.

यावर आमच्या वर्गात चांगलाच वाद झाला. बऱ्याच जणांचं म्हणणं की ओरिजिनल डिझाइन संपलं, फोटोत बघितलं ते राहिलंच नाही. मला ते बिलकुल पटलं नाही, आजही पटत नाही. घरं बदलायचीच होती, तशी परवानगीच डिझाइनने दिली होती. बदलला नाही तो चौक. आठ मीटर हे असं माप आहे की समोरच्या दारातल्या बाईशी आवाज न चढवता बोलता येतं, आणि तरीही ती आपल्या घरात डोकावतेय असं वाटत नाही. चौकात तुळस होती, दोन तीन टूव्हीलर, वाळत घातलेली गोधडी, एक सायकल शिकणारी मुलगी. आणि जवळजवळ प्रत्येक नव्या घरापुढे लोकांनी स्वतःच्या खर्चाने ओटा बांधून घेतला होता. तो काही कोरियांच्या ड्रॉइंगमधून आलेला नाही. आम्ही असे बरेच ओटे मोजले. उंची बहुतेकांची दीड फुटाच्या आसपास, पण खोली बघा, दोन अडीच फूट, क्वचित तीन. म्हणजे खुर्चीसारखं पाय सोडून नाही, मांडी घालून बसता येईल एवढा. बाजूला सूप ठेवून तांदूळ निवडता येतील एवढा.

हे माप लक्षात ठेवा, कारण माझा सगळा एसटी स्टँडचा प्रोजेक्ट त्याच्यावर उभा आहे.

चौथ्या वर्षाला डिझाइनसाठी आम्हाला तालुक्याच्या गावचं बस स्थानक दिलं, बारा फलाट. हा विषय मिळाला तेव्हा मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. एअरपोर्ट, म्युझियम, रिसॉर्ट असले विषय मागणारी मुलं खूप असतात, पण १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली तेव्हापासून या राज्यातल्या सगळ्यात जास्त माणसांनी जिथे सगळ्यात जास्त वेळ वाट बघत काढलाय ती इमारत म्हणजे स्टँड. आणि आपल्या प्रोफेशनने तिच्याकडे हवं तेवढं लक्ष दिलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रीफमध्ये, म्हणजे इमारतीत काय काय हवं त्या कागदात, नेहमीची यादी होती, वेटिंग हॉल, चौकशी, आरक्षण, पासची खिडकी, पार्सल, कँटीन, चालक वाहक विश्रांतीगृह, हिरकणी कक्ष, टॉयलेट, स्टॉल. गाडीची भूमिती पण ठरलेली. अकरा बारा मीटरची गाडी तिरकी येऊन फलाटाला नाक लावते आणि रिव्हर्स घेऊन बाहेर पडते, त्यामुळे फलाटाची कड करवतीच्या दातांसारखी होते आणि समोरचं मोकळं पटांगण केवढं हवं ते गाडीच वळून ठरवते. या सगळ्याचे बाण काढायला दोन दिवस पुरतात.

मी मात्र आधी आमच्या गावाच्या स्टँडवर जाऊन बसले, पहाटेच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या मुक्कामी गाडीपर्यंत. स्टँडचा प्लॅन काढून घेतला होता, दर अर्ध्या तासाने त्याच्यावर टिंबं द्यायची, एक माणूस एक टिंब, बसलेला असेल तर भरीव, उभा असेल तर पोकळ. दर वेळेला नवीन बटर पेपर. घरी येऊन सगळे कागद एकावर एक ठेवून लाइटवर धरले तर वेटिंग हॉलचा मधला भाग जवळजवळ कोरा होता. पंखे तिथेच, बाकं तिथेच, आणि माणसं सगळी कडेला. फलाटाच्या काठावर, खांबांच्या भोवती, रसवंतीच्या पायरीवर, कडुलिंबाच्या पाराला, पार्सल ऑफिसच्या उंबऱ्याजवळ.

कारण तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. गाडी कुठल्या फलाटाला लागणार याची अनाउन्समेंट होते खरी, पण लोक त्याच्यावर थांबत नाहीत, लोक गेटकडे बघतात. गाडी गेटातून वळली की लांबूनच पाटी वाचायची आणि ती लागायच्या आत तिथे पोचायचं, नाहीतर जागा मिळत नाही. म्हणजे वाट बघणाऱ्याला सावली हवी, टेकायला हवं, सामान ठेवायला हवं, आणि या सगळ्यात गेट दिसायला हवं. हॉलमधून गेट दिसत नव्हतं. बस्स, एवढंच. दुपारनंतर तर टिंबं आणखी सरकली, कारण फलाट पश्चिमेला तोंड करून होते, चारनंतर ऊन छपराखालून सरळ भिंतीपर्यंत आत यायचं, माणसं मागे मागे सरकायची आणि मग पाटी दिसत नाही म्हणून कुटुंबातलं एक जण उन्हात उभं, बाकीचे सावलीत. बहुतेक वेळा उन्हात उभा असायचा तो शाळेतला मुलगा, डोळे चांगले म्हणून.

आणि थांबणारी माणसं कोण? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सकाळी आठच्या सुमारास कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर जाऊन बघा, फरक डोळ्यांना दिसतो. म्हाताऱ्या बायका लेकीकडे, दवाखान्यात, देवाला एकट्या निघाल्यात, हातात वायरची पिशवी, आधार कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ब्लाउजमध्ये. ब्रीफ बनवताना टॉयलेटचं गणित जुनंच, बायका पुरुष निम्मे निम्मे. मी ते बदलून बायकांची संख्या वाढवली आणि टॉयलेटच्या दारापाशी पिशवी ठेवायला कट्टा दिला, कारण एकटी बाई पिशवी कुणाकडे देणार.

आणि बसायचं काय? हल्ली जिकडे तिकडे जोडखुर्च्या येतात, स्टीलच्या, भोकाभोकाच्या, दोन खुर्च्यांच्या मध्ये हात. त्यावर मांडी घालता येत नाही, झोपलेलं पोर आडवं करता येत नाही, शेजारी पिशवी ठेवली की एका माणसाची जागा गेली. आमच्या स्टँडवर त्या खुर्च्यांच्या शेजारी जमिनीवर आज्या बसलेल्या मी बघितल्यात, खुर्ची मोकळी असताना. आणि कुणाकुणाच्या स्मरणार्थ दिलेली जुनी सिमेंटची बाकं मात्र सकाळपासून भरलेली.

म्हणून माझ्या डिझाइनमध्ये हॉल नावाची एक खोलीच नव्हती. करवतीच्या दातांच्या प्रत्येक खाचेत एक ओटा, उंची दीड फूट, खोली अडीच फूट, कडप्प्याची फरशी, कारण ती पुसायला सोपी आणि सावलीत थंड राहते. ओट्याच्या एका टोकाला खांब, टेकायला. दुसऱ्या टोकाला हाताला धरायला पाइप, कारण उतारवयात बसणं जमतं, उठताना आधार लागतो. प्रत्येक ओट्यावरून गेटपर्यंत नजरेची रेषा मोकळी, बसलेल्या डोळ्याच्या उंचीवरून, हे मी एकेक करून सेक्शनमध्ये तपासलं, वाईला तपासलं होतं तसंच. पश्चिमेला विटांची जाळी. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या जाळ्या आम्ही केसस्टडीत काढल्या होत्या, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या, १९७१ च्या. जाळीची खुबी अशी की ऊन तिच्यात तुकडे तुकडे होऊन येतं, वारा येतो, आणि आत सावलीत बसून बाहेरच्या उजेडातलं सगळं दिसतं. म्हणजे गेट दिसतं. छपराची कड ओट्याच्या पुढे किती न्यायची ते उन्हावर नाही, शिंतोड्यांवर ठरवलं. वाईच्या त्या खडूच्या रेघेवर.

जुरीला बाहेरून आलेल्या मॅडमनी आधी तेच विचारलं, वेटिंग हॉल कुठे आहे. मी टिंबांचे बटर पेपर एकावर एक ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले आणि मग एक प्रश्न विचारला, “रात्री एक वाजता एकटी मुलगी उतरली, सकाळी पाचला पुढची गाडी आहे, ती यातल्या कुठल्या ओट्यावर थांबेल?” पाच वर्षांत मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. दिवसा पसरलेली कड चांगली, रात्री तीच कड एकाकी. तिथल्या तिथे पेन्सिलने त्यांच्यासमोर चौकशी खिडकीच्या लगतचा ओटा मोठा केला, कंट्रोलरच्या टेबलावरून दिसेल असा, चालक वाहकांच्या विश्रांतीगृहाचं दार त्याच अंगाला फिरवलं, चहाची खिडकी शेजारी आणली, म्हणजे रात्री जे जागं असतं ते सगळं एका उजेडात. फायनल शीटवर हा कोपरा एक बाय वीसला, म्हणजे खऱ्या मापाच्या विसाव्या हिश्शाला, वेगळा काढलाय. दिवसा तो इतर ओट्यांसारखाच, रात्री थांबायला तेवढाच उघडा.

आता थीसिससाठी मी स्टँडच घेतलाय. गेल्या काही वर्षांत जुने स्टँड पाडून बीओटीवर, म्हणजे बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा या कराराने, नवी कॉम्प्लेक्स बांधायचं चाललंय, खाली दुकानं, वर ऑफिसं, मागे कुठेतरी फलाट. गरज आहे, नाही असं नाही, अनेक इमारती खरंच मोडकळीला आल्यात. पण पाडायच्या आधी त्या कुणी मोजत नाही. वाडे आपण मोजतो, देवळं मोजतो, आणि मोजलीच पाहिजेत, पण पन्नास साठ वर्षं रोज हजारो लोकांनी वापरून जी इमारत झिजवली तिची एक शीट कुठल्या लायब्ररीत सापडत नाही. कुठला खांब पाठी टेकून टेकून काळा झालाय, कुठल्या पायरीची कड गोल झालीये, हे एकदा मलबा उचलला की गेलं.

त्यामुळे ज्युनिअर्सना एकच सांगणं आहे, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या गावचा स्टँड मोजा. तीस मीटरची टेप फलाटाला पुरत नाही, पन्नासची घ्या. पहाटे सुरुवात करा, दहानंतर गर्दीत टेप जमिनीवर ठेवता येत नाही. फलाटाची उंची गाडीच्या पहिल्या पायरीसकट घ्या, ते अंतर आज्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आणि आधी कंट्रोलर साहेबांना जाऊन भेटा, कॉलेजचं पत्र दाखवा, चहा होतोच, आणि कोणत्या गाडीचे लोक कुठे थांबतात ते त्यांना न बघता सांगता येतं.